तुम्ही विचारलंत म्हणून: इनामाचे पैसे कोण देतंय?

मी काय काम करतो हे लातुरात एकदा कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. शिकवणीला आलेली पोरं विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे विचारतात. परवा तर दाढी करणाऱ्या दादांनी वस्तरा गळ्याशी आणून विचारलं, "गेम खेळून पैसे मिळतात म्हणतात, ते खरंय का हो? आणि खरं असंल तर मग टिकत का नाही?" वस्तरा गळ्याशी असताना माणूस सहसा खोटं बोलत नाही. त्यांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी मोबाईल गेमचा हिशेब बघतो. चित्रं दुसरे काढतात, कोड दुसरे लिहितात. खेळणाऱ्याला कशाचे किती कॉइन द्यायचे आणि ते परत कुठं खर्च होतील, एवढं मी एक्सेलमध्ये मांडतो. २०२० च्या लॉकडाउनात घरी आलो तो इथंच राहिलो.

तर, खेळून पैसे मिळतात का? मिळतात. आमच्या गावच्या जत्रेतही मिळायचे.

आमचं गाव निलंगा तालुक्यातलं. १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणणारे हरिश्चंद्र बिराजदार याच तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे, त्यामुळे इकडं कुस्तीचं वेड जरा जास्तच. जत्रेच्या शेवटच्या दिवशी दुपारी फड लागतो. आधी बारक्या पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, आणि दिवस कलायला लागला की शेवटची, मोठ्या इनामाची. हलगीवाला त्या कुस्तीला वेगळाच वाजवतो. हे इनाम येतं कुठून? जत्रेआधी पंधरा दिवस चार माणसं वही घेऊन दारोदार फिरतात. कोणी पन्नास देतं, कोणी पाचशे, किराणा दुकानदार जरा जास्त देतो. त्यातल्या एकालाही ते पैसे परत नको असतात. त्यांना कुस्ती बघायची असते, आणि आपल्या गावचा फड शेजारच्या गावापेक्षा मोठा व्हावा एवढीच हौस असते.

आता उलटं करून बघा. गावाकडून वर्गणी घ्यायचीच नाही. पैलवानानेच फडात उतरायला हजार रुपये भरायचे, आणि आज भरणाऱ्यांच्या पैशातून काल आलेल्यांना इनाम वाटायचं. पहिले आठ दिवस हे लई भारी चालेल. फडाबाहेर पैलवानांची रांग लागेल, त्यात ज्याला लंगोटही नीट बांधता येत नाही असेही असतील. नववा दिवस कधी येतो एवढाच प्रश्न. बघायला मात्र कोणी नसेल, कारण सगळेच फडात.

अ‍ॅक्सी इन्फिनिटीचं हेच झालं. व्हिएतनाममधल्या स्काय मॅव्हिस कंपनीचा हा गेम. खेळायला तीन अ‍ॅक्सी, म्हणजे गेममधले लढणारे छोटे प्राणी लागत, ते आधी विकत घ्यायचे. खेळून एसएलपी नावाचं टोकन, म्हणजे एक क्रिप्टो नाणं मिळायचं आणि ते बाजारात विकता यायचं. जुलै २०२१ मध्ये एका एसएलपीला साधारण ३५ सेंट भाव होता. फिलिपिन्समध्ये लॉकडाउनात काम गेलेल्या माणसांची घरं त्यावर चालली, ही काही थाप नाही. नोव्हेंबरपर्यंत रोज खेळणारे सुमारे २७ लाख झाले. पुढच्या फेब्रुवारीत भाव एका सेंटच्या आसपास.

कारण गुंतागुंतीचं नाही. खेळलं की एसएलपी तयार व्हायचे, आणि किती व्हावेत याला वरून बांध नव्हता. ते खर्च व्हायची मोठी जागा एकच: दोन अ‍ॅक्सींपासून नवं पिल्लू काढणे. पण पिल्लू हवं कोणाला? नव्याने खेळायला येणाऱ्याला. म्हणजे टोकन येणार जुन्या माणसांकडून आणि जिरणार नव्या माणसांच्या जिवावर. नवी माणसं येईनाशी झाली की पिल्लं काढायचं कारण संपलं, टोकन मात्र रोज पडतच राहिले. बोअरचं पाणी उपसतोय तेवढं जमिनीत मुरतंय का, हे न बघता शेजारी-शेजारी बोअर मारले की काय होतं, हे लातूरकराला वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये आपण मिरजेहून रेल्वेने पाणी आणलंय.

ज्यांच्याकडं अ‍ॅक्सी घ्यायला पैसे नव्हते त्यांना दुसरा कोणी आपले अ‍ॅक्सी वापरायला द्यायचा आणि कमाईत वाटा घ्यायचा. याला तिकडं 'स्कॉलरशिप' म्हणत, आणि देणारा तो 'मॅनेजर'. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धारूर-वडवणीकडचा ऊसतोडीचा मुकादम आठवला. तो उचल देतो, कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, हंगामभर ऊस तोडून ती फेडतं. मुकादमाची बाजू घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही, पण एक फरक सांगायलाच हवा. तोडलेल्या उसाची साखर होते, आणि ती कोणीतरी चहात घालतं. इथं ऊस तोडला जात होता, मोळ्या बांधल्या जात होत्या, गाड्या भरल्या जात होत्या, आणि कारखाना नव्हता. मोळी पुढच्या माणसाला विकायची, एवढाच धंदा.

पुढं चालण्याचे पैसे देणारा स्टेपन आला. एप्रिल २०२२ च्या शेवटी त्याच्या टोकनला आठ डॉलरच्या वर भाव होता आणि काही महिन्यांत तो सेंटांवर आला. २०२४ मध्ये टेलिग्रामवरचा 'हॅमस्टर कॉम्बॅट' आला, पडद्यावर टकटक करून कॉइन जमवायचा गेम. आमच्या गल्लीतली पोरं पंगतीत डाव्या हाताने मोबाईलवर टकटक करत उजव्या हाताने जेवत होती. सप्टेंबरमध्ये वाटप झालं ते १३ कोटींहून जास्त जणांत. वाटा केवढा आला असेल, तुम्हीच ताळा करा. आमच्या पाहुण्यातल्या एका पोराने त्यातून काय केलं हे विचारलं तर तो विषय बदलतो.

म्हणून कोणी नवा गेम दाखवला की मी ग्राफिक्स बघत नाही, टोकनचा भाव बघत नाही. एवढंच विचारतो: यात पैसे घालून परत न मागणारा कोण आहे? जाहिरातदार असेल, स्पर्धेचा प्रायोजक असेल, किंवा निव्वळ हौसेने खर्च करणारा खेळाडू असेल. तो सापडला नाही तर तो खेळाडू तुम्हीच आहात, फक्त तुम्हाला अजून कळलेलं नाही.

आमचा गेम शेतीचा आहे. खेळायला पैसे भरायचे नाहीत. कमाई दोन ठिकाणाहून: मधे-मधे लागणाऱ्या जाहिराती, आणि सजावट. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात लोक बैलाच्या झुलीवर, शिंगांच्या रंगावर, गोंड्यांवर जे पैसे खर्च करतात ते बघून मी स्वतः चाट पडलो होतो. ती झूल विकून नफा काढावा असं कोणालाच वाटत नाही. आपला बैल मिरवायचा असतो. ही आमची वर्गणी. तिच्यातला ठरलेला हिस्सा बक्षिसात जातो आणि कॉइन साठवणाऱ्याला मोबाईल रिचार्ज मिळतो. रक्कम लहान आहे, त्यावर कोणाचं घर चालणार नाही, आणि चालेल असं आम्ही कुठंही लिहीत नाही.

हे आत्ता शहाण्यासारखं लिहितोय, पण आधी माती मीच खाल्ली आहे. सुरुवातीला पाचशे कॉइनला एक रिचार्ज ठेवला होता. दिवाळी झाली, जाहिरातींचे पैसे घसरले, आणि मला एक्सेलमध्ये लाल आकडे दिसायला लागले. एका रात्री मी पाचशेचे आठशे केले. कोणाला सांगितलं नाही, वाटलं हळूहळू कळेल. सकाळी गंगाखेडकडच्या एका पोराचा व्हॉइस मेसेज आला. मागं कोंबडा ओरडत होता. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला: "दादा, तुम्ही पाचशे म्हणालता म्हणून मी चारशे सत्तर जमवले. तीस कमी होते माझे. आता तीनशे तीस कमी झाले. हे माल काट्यावर चढवल्यावर भाव बदलल्यावानी झालं की."

माझे वडील पस्तीस वर्षं लातूरच्या अडत बाजारात सोयाबीन आणि तूर घालत आले. भाव पडल्यावर ते चिडत, शिव्याही देत, पण त्यामुळे त्यांनी अडत्या कधी बदलला नाही. बदलला तो एकदाच, पट्टीवर वजन एक आणि काट्यावर दुसरं निघालं तेव्हा. पट्टी म्हणजे माल विकल्यावर अडत्या देतो तो कागद: किती पोती, किती वजन, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, हातात किती. वडील तो कागद बसमध्ये बसून दोनदा वाचायचे आणि घरी आल्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. कमी भावाची पट्टीसुद्धा त्याच डब्यात.

त्या मेसेजनंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. जुन्या कॉइनला जुनाच दर, आजही. नवा दर फक्त हंगामाच्या सुरुवातीला, आणि तो पंधरा दिवस आधी गेममध्येच सांगायचा. आणि दर शनिवारी पट्टी: या आठवड्यात जाहिरातींचे आणि सजावटीचे किती आले, त्यातले बक्षिसाला किती ठेवले, कॉइन किती वाटले, किती वटले, शिल्लक काय. आधी वर्गणी मोजायची, मग इनाम बोलायचं. मालकांना पट्टीची कल्पना पटायला वेळ लागला. "आपला धंदा उघडा कशाला करायचा?" त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

यात नवीन मी काही शोधलं नाही. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला गेम २००३ पासून चालू आहे. त्यांनी २००७ मध्ये चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला, आणि आज ते दर महिन्याला अहवाल काढतात: खेळातलं चलन कुठून किती तयार झालं, कुठं किती नष्ट झालं. ते चलन बाहेर खऱ्या पैशाला विकायला मनाई आहे. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की लढाईत जहाज फुटलं की फुटलं. मालकाची महिनोन्‌महिन्यांची कमाई राख होते, आणि तरी लोक त्यासाठीच येतात, कारण लढाई हीच मजा आहे. खर्च व्हायची जागा दंडासारखी वाटली तर लोक ती टाळतात, हौसेची असली तर रांग लावतात. आमची झूल त्याच जातीची.

फसवणूक हा वेगळाच विषय आहे. खऱ्या बक्षिसाचा वास लागला की एकाच खोलीत वीस मोबाईल मांडून बसणारे येतात. आपणच आपल्याशी खेळायचं, आपणच जिंकायचं, सरळ नुरा कुस्ती. हॅमस्टरवाल्यांनी तर २३ लाख खाती बाद केली. गावच्या फडात पंच जोडी बघूनच ओळखतात आणि दोघांना हाताला धरून बाहेर काढतात. आम्हाला मात्र खातं बंद करताना कारण लिहून द्यावं लागतं आणि तक्रार माणसाने वाचावी लागते. कारण मधल्या काळात आम्ही एका शाळेच्या वसतिगृहातली अकरा खरी पोरं एकाच वायफायवर असल्यामुळे बंद केली होती. ती चूक निस्तरायला आठवडा गेला.

आणि टाळं नीट नसेल तर भरवसा एका दिवसात जातो. मार्च २०२२ मध्ये अ‍ॅक्सीची टोकनं ज्यावरून फिरत त्या रोनिन नेटवर्कवरून ६० कोटी डॉलरच्या वर रक्कम चोरीला गेली. व्यवहार मंजूर करणाऱ्या नऊपैकी पाच किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या होत्या, आणि ती चोरी कंपनीला कळायला सहा दिवस लागले, तेही एकाला पैसे काढता येईनात म्हणून. पुढं कंपनीने भांडवल उभं करून लोकांचे पैसे भरून दिले, हेही सांगितलं पाहिजे.

कायद्याचं विचारणारेही असतात, म्हणून थोडक्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने, पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे, मग त्यात कौशल्य असो की नशीब. क्रिप्टो टोकनच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि तोटा कशातूनही वजा होत नाही. कोणी "आधी एवढे भरा, मग रोज एवढे येतील" म्हणालं तर पुढचं ऐकूच नका.

गंगाखेडचा तो पोरगा अजून खेळतो. त्याला जुन्या दराने रिचार्ज मिळाला तेव्हा त्याने आभार वगैरे मानले नाहीत, फक्त अंगठा पाठवला. पहिली पट्टी आम्ही शनिवारी रात्री टाकली. रविवारी सकाळी सहा वाजता त्याचा मेसेज: "दादा, बुधवारची बेरीज चाळीसनं कमी दाखवायलीय." मी अंथरुणातच लॅपटॉप उघडला. बुधवारची एक ओळ खरंच सुटली होती. दुरुस्त केली, खाली 'दुरुस्ती' असं लिहिलं, आणि चहा टाकायला उठलो.