चौथी सीट

आज सकाळच्या लोकलमध्ये दोन कॉलेजच्या पोरी समोरच्या मुलीकडे बघून "चिंकी, मोमो" म्हणत खिदळत होत्या. तिच्या कानात इअरफोन, पण गाणं बंद असावं. बोट स्क्रीनवर तसंच थबकलेलं. मुलुंडपासून भांडुपपर्यंत मी गप्प. एरवी चौथ्या सीटसाठी भांडणारी मी!

२०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरला मारहाण झाली आणि अरुणाचलचा निडो तानिया गेला. सुरुवात त्याच्या केसांच्या टिंगलीनेच झाली होती. तेव्हा मी इथे लांबलचक पोस्ट टाकली होती म्हणे.

शेवटी म्हटलं, "बास गं पोरींनो, आपल्या देशातलीच आहे ती." आणि लगेच जीभ चावली. बाहेरची असती तर चाललं असतं का?

पोरी मोबाइलमध्ये घुसल्या. घाटकोपर आल्यावर ती उठली. "ताई, जरा सरकता का?" स्वच्छ मराठीत.