अभ्यासनं का खेळनं

शनिवार, रात्रीचे साडेदहा.

आज महाविद्यालयाच्या वार्षिक पारितोषिक वितरणात अभ्यास आणि खेळ या दोन्हींतल्या कामगिरीसाठी ठेवलेला चषक तृतीय वर्ष रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला मिळाला. ती खो-खो खेळते, यंदा विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळून आली, आणि आजवरच्या एकाही सत्रात तिचा विषय राहिलेला नाही. या चषकाच्या निवड समितीवर मी तीन वर्षे आहे. समारंभानंतर घरी येताना मनात आनंद होता आणि त्याच्या तळाशी एक सलही होता. दोन्ही आजच लिहून ठेवते.

आमच्या समारंभात गुणवंत विद्यार्थ्यांची यादी वेगळी वाचली जाते आणि जिमखान्याची वेगळी. पहिल्या यादीतली मुले पुढच्या खुर्च्यांवर बसतात. दुसऱ्या यादीतली मंडपाच्या कडेला ट्रॅकसूटमध्ये उभी राहतात आणि नाव पुकारले की धावत मंचावर येतात. हे सगळीकडेच असे आहे. विद्यापीठाचे सुवर्णपदक गुणांसाठी असते, तर 1956-57 पासून दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक विद्यापीठाच्या क्रीडाकामगिरीसाठी असतो. या दोन याद्यांच्या मधोमध जी मुले उभी असतात, म्हणजे वर्गात पहिली नसलेली पण नापासही नसलेली, मैदानावर देशपातळीला न पोहोचलेली पण रोज पहाटे मैदान गाठणारी, त्यांचे नाव कोणत्याच यादीत ठळक होत नाही. हा एक चषक त्यांच्यासाठी आहे, असे मी मानते.

मात्र तो द्यायचा कसा, हे ठरवणे सोपे नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सरळ बेरीज होती: परीक्षेच्या टक्केवारीला 50 गुण आणि खेळाच्या प्रमाणपत्रांना 50 गुण. त्या वर्षी नव्वद टक्क्यांच्या पुढचे गुण असलेला आणि बुद्धिबळाच्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत केवळ सहभागी झालेला विद्यार्थी बेरजेत सगळ्यांच्या पुढे गेला. मुलगा हुशार आणि सालस होता, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण सहभागाचे एक प्रमाणपत्र जोडून अभ्यासाचेच बक्षीस आम्ही दुसऱ्यांदा दिले, आणि त्या कागदावर मीही सही केली. बेरजेत एका बाजूची उणीव दुसरी बाजू भरून काढते. या चषकात नेमके तेच व्हायला नको होते.

त्यानंतर मी इतर ठिकाणच्या पद्धती वाचून काढल्या. अमेरिकेत बिग टेन नावाचा विद्यापीठांचा क्रीडासमूह 1915 पासून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना अभ्यास आणि खेळ यांतल्या एकत्रित प्रावीण्यासाठी पदक देतो. तिथेच 1952 पासून ‘अकॅडेमिक ऑल-अमेरिका’ हा सन्मान दिला जातो. त्यासाठी खेळाडू संघात प्रत्यक्ष महत्त्वाची जागा सांभाळणारा असावा लागतो आणि त्याची गुणसरासरीही ठरलेल्या मर्यादेच्या वर असावी लागते. ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीचा पाया असलेल्या सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रातही विद्वत्तेबरोबर मैदानी खेळांची आवड आणि त्यांतले यश यांची अट होती. त्यांतली दोन्हीकडच्या किमान मर्यादेची कल्पना मला पटली. आम्ही यंदा तीच घेतली: एकही विषय मागे नको, किमान 60 टक्के हवेत, आणि खेळात निदान आंतरविभागीय स्पर्धेपर्यंत निवड झालेली हवी. या दोन्ही रेषा ओलांडणाऱ्यांपैकी कोणी किती निभावले, हे वर्गशिक्षक आणि क्रीडा संचालक यांना विचारून ठरवायचे.

त्या विचारपूसमध्ये या मुलीचा दिवस मला पहिल्यांदा कळला. तीन वर्षे ती माझ्या प्रयोगशाळेत येते, तरी मला तो ठाऊक नव्हता. गावाहून पहिली एसटी, मैदानावर सराव, मग तास, दुपारी प्रयोग, पुन्हा सराव आणि शेवटची गाडी. ती चुकली, तर तापीच्या पुलापर्यंत कोणाच्या तरी रिक्षाने जायचे आणि पुढे चालत. ऑक्टोबर ते डिसेंबर हा आपल्याकडे कापूस वेचणीचा काळ. सत्रपरीक्षा त्याच काळात येतात आणि आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, निवड चाचणी, आंतरविद्यापीठ अशी स्पर्धांची साखळीही तेव्हाच असते. रविवारी आईबरोबर वेचणीला जाऊन ही मुलगी सोमवारी टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या मोजनळीतून द्रावण थेंबाथेंबाने मोजून घालण्याचा प्रयोग, करायला उभी राहत होती. तिच्या ब्युरेटच्या वाचनात कधी चूक झालेली मला आठवत नाही. हाताचा आणि नजरेचा तो नेमकेपणा खांबाजवळ सूर मारून गडी टिपण्याच्या सवयीतून आला असेल का, हे मी सिद्ध करू शकत नाही, परंतु मला तसे वाटते.

मंचावर पाहुण्यांनी खाशाबा जाधवांचे उदाहरण दिले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून त्यांना 7,000 रुपये दिले, आणि खाशाबा स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले. टाळ्या खूप झाल्या. मला मात्र त्या प्रसंगातल्या प्राचार्यांपाशीच थांबावेसे वाटले, कारण मी शिक्षिका आहे, आणि माझ्या मनातला सल तिथेच आहे.

समितीपुढे आणखी एक नाव होते. द्वितीय वर्षाचा पैलवान, आंतरविद्यापीठ कुस्तीला जाऊन आलेला. त्याला रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एटीकेटी आहे, म्हणजे तो विषय मागे राहिला आहे, म्हणून नव्या नियमाने तो पहिल्याच फेरीत बाद झाला. अंतर्गत मूल्यमापनाचे ते प्रात्यक्षिक ज्या दिवशी होते, त्या दिवशी तो परराज्यात आखाड्यावर होता. परतल्यावर तो जिमखान्याचे पत्र घेऊन माझ्याकडे आला होता आणि दुसऱ्या तुकडीबरोबर बसवण्याची विनंती त्याने केली होती. तुकड्या ठरलेल्या आहेत, मिश्रणे मोजून तयार केली आहेत, एकासाठी वेळापत्रक बदलता येत नाही, असे सांगून मी त्याला परत पाठवले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार सहशैक्षणिक उपक्रम म्हणून खेळाला आता श्रेयांक मिळतात, शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, हे सारे मीच मुलांना सांगत असते. आणि जिच्या हातात एक दुपार देणे होते, त्या मी ती दिली नाही. नियम मला अजूनही योग्य वाटतो. पण त्या नियमाने जो बाद झाला, त्याच्या एटीकेटीत माझा वाटा आहे, आणि तो गुणपत्रकावर कुठेही दिसत नाही.

समारंभ संपल्यावर चषक मिळालेली मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. आईंनी चषक पदरात धरला होता. त्यांनी तो दोनदा फिरवून पाहिला आणि विचारले, “मॅडम, हाई बक्षीस अभ्यासनं शे का खेळनं?”

“दोन्हीनं शे, ताई,” मी म्हटले.

त्यांनी क्षणभर मुलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “मंग एकच काबरं?”

मुलगी संकोचली, आईचा हात धरून तिला पुढे नेऊ लागली. मी मात्र तिथेच उभी राहिले. बाईंचा प्रश्न अगदी सरळ होता. जी दोन माणसांइतके करते, तिला एकच कसे? प्राचार्यांना हे सांगायचे आहे. चषकाबरोबर या मुलांना निदान वर्षभराचा एसटीचा पास किंवा वसतिगृहातली एक जागा देता आली, तर तो खरा सन्मान होईल, आणि त्यासाठी लागणारी रक्कम मंडपाच्या खर्चातून निघू शकेल.

मांडवातल्या खुर्च्या उचलणाऱ्या मुलांत तो पैलवानही होता. दोन्ही हातांत चार-चार खुर्च्या घेऊन तो जात होता. मी त्याला थांबवले आणि राहिलेल्या प्रात्यक्षिकाची तयारी कुठवर आली, हे विचारले. तो म्हणाला, “मॅडम, मिश्रणातली लवणे ओळखणे एकट्याने जमत नाही.” सकाळी सातला ये, असे मी म्हणणार होते, पण तेव्हा तो तालमीत असतो हे आता मला ठाऊक आहे. दुपारी एक ते दोन माझा तास नसतो. सोमवारपासून ती वेळ ठरली. उद्या सकाळी प्रयोगशाळेत जाऊन त्याच्यासाठी चार मिश्रणे काढून ठेवायची आहेत.