दादरच्या शेतातला चुकीचा खड्डा

मी धुळ्यात राहतो आणि ऑप्टिकल फायबरचे फॉल्ट काढतो. सतरा वर्षं झाली. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं, पण पुस्तकातला प्रकाश आणि हातातला प्रकाश एकच आहे हे मला या कामाने शिकवलं. मागच्या जानेवारीतल्या एका दिवसाने तर जरा जास्तच.

सकाळी सातला फोन आला. धुळ्याहून अमळनेरमार्गे चोपड्याकडे जाणारी चोवीस कोअरची, म्हणजे चोवीस काचेच्या धाग्यांची, केबल पूर्ण बंद होती. चोवीसच्या चोवीस कोअर एकदम गेल्या की बहुतेक वेळा कुठेतरी जेसीबी लागलेला असतो. केबल निघते त्या धुळ्याच्या रूमवर जाऊन ओटीडीआर लावला, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून फॉल्ट किती दूर आहे ते दाखवणारं मशीन. पहिल्या कोअरवर 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशाचा शॉट मारला. ट्रेसची रेघ नेहमीसारखी हळूहळू उतरत गेली आणि 32.31 किलोमीटरला धपकन खाली पडली. दुसरी कोअर, पाचवी, बारावी, सगळीकडे तोच आकडा. इतका स्वच्छ फॉल्ट दिसला की बरं वाटतं. मजुरांची गँग गाडीत घेतली आणि अमळनेर रस्त्याला लागलो.

रूट डायरीप्रमाणे 32.31 येत होतं ते रस्त्याला लागून असलेल्या एका दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, शेतात. रस्ता रुंद झाला तेव्हा आमचे मार्करचे दगड गेले आणि केबल शेताच्या कडेच्या आत आली. दादर नुकती निसवली होती, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. खानदेशात दादरचं शेत काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. वर्षभराची भाकर असते ती. शेतमालक आप्पांना विनंती केली, "दोन तासांत भरून देतो" म्हणालो. त्यांची आई बांधावर बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, अठे कसाले खंदी राह्यनात?" मी म्हटलं, आजी, खाली तार तुटली आहे. तिने दादरकडे पाहिलं आणि गप्प बसली.

काळी माती जानेवारीत वरून भेगाळलेली आणि खाली चिवट. दीड मीटर जायला तासभर लागला. केबल ज्यातून जाते तो पाइप सापडला. अख्खा. ओरखडासुद्धा नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर वाढवलं, पाइप तसाच सरळ. दुसरा खड्डा दहा मीटर पुढे घेतला. तिथेही अख्खा. आमच्या पायांखाली आणि मातीच्या ढिगांखाली दादरची चाळीसेक ताटं, म्हणजे धाटं, आडवी झाली होती. आजी उठून गेली होती.

मग मी जे सकाळीच करायला हवं होतं ते केलं. बांधावर बसून जॉइंटचं रजिस्टर उघडलं आणि मशीनमधला ट्रेस शेजारी ठेवला. केबलच्या प्रत्येक जॉइंटवर ट्रेसला बारीकशी पायरी दिसते, आणि ते जॉइंट टाकले तेव्हाचे आकडे माझ्या अक्षरात लिहिलेले होते. रजिस्टरमध्ये 4.10, ट्रेसमध्ये 4.01. रजिस्टरमध्ये 12.26, ट्रेसमध्ये 12.00. रजिस्टरमध्ये 28.00, ट्रेसमध्ये 27.40.

फरक वाढत चालला होता, पण प्रमाण तेच होतं: शंभराला दोनपेक्षा किंचित जास्त. चेंबरमध्ये गुंडाळून ठेवलेल्या जादा केबलच्या लूपमुळे फरक पडला असता तर तो एखाद्या जागी उडी मारून आला असता आणि पुढे तेवढाच राहिला असता. इथे पहिल्या मीटरपासून सारखीच घट होती. म्हणजे केबल ठीक होती, मोजपट्टीच आखूड झाली होती.

आमच्याबरोबर एक नवा मुलगा होता, शिकत शिकत काम करणारा. मी विचारलं, मशीनमध्ये आरआय, म्हणजे काचेत प्रकाश किती पट मंद जातो तो आकडा, किती ठेवलाय? तो म्हणाला, "दादा, काल मशीन रीसेट झालं होतं. आरआय विचारत होतं, मी 1.5 टाकला. काचेचा अपवर्तनांक 1.5, दहावीला आहे ना."

त्या मुलाला मी रागावलो नाही. त्याने पाठ केलेला आकडा खोटा नव्हता. खिडकीच्या काचेला, डोळ्यांना दिसणाऱ्या पिवळ्या उजेडासाठी 1.5 च्या आसपास ठीक आहे. पण आमचं फायबर सिलिकाचं, आणि आमचा प्रकाश 1550 नॅनोमीटरचा, अवरक्त. त्याला 1.468 लागतो. पदार्थ बदलला की हा आकडा बदलतो आणि त्याच पदार्थात तरंगलांबी बदलली तरी बदलतो, हे दहावीच्या त्या एका ओळीत कळत नाही. चूक माझीही होती: दुसऱ्याने सेट केलेलं मशीन न तपासता मी शॉट मारला.

ओटीडीआर अंतर मोजतच नाही. तो वेळ मोजतो. प्रकाशाचा एक ठोका आत सोडतो आणि परत येणाऱ्या प्रकाशाची वाट बघतो. त्या दिवशी तुटलेल्या टोकापर्यंत जाऊन यायला 323 मायक्रोसेकंद लागत होते. तो आकडा पहिल्यापासून बरोबर होता. वेळेला कोणत्या वेगाने गुणायचं ते आम्ही चुकीचं सांगितलं होतं. मी आरआय 1.468 केला. फॉल्ट सरकला 33.01 वर. 700 मीटर पुढे.

मोटरसायकलच्या मीटरवर 700 मीटर मोजले. नाल्याच्या अलीकडे ताजी माती दिसली. पाण्याच्या पाइपलाइनसाठी आदल्या रात्री जेसीबी चालला होता आणि वरून माती लोटून दिली होती. खणलं तर पाइप चिरडलेला, केबल ओढून तुटलेली, आतले निळे, नारिंगी, हिरवे धागे केसांसारखे बाहेर आलेले. आता दोन जॉइंट मारून मध्ये केबलचा तुकडा घालायचा होता आणि तो तुकडा धुळ्याहून यायला दोन तास होते.

त्या दोन तासांत जे बोलणं झालं त्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

आप्पांची मुलगी, दहावीतली, सायकलवरून आमच्यामागे आली होती. आजीही हळूहळू चालत आली. आजीला पहिलाच धक्का बसला: "उजेडले बी टाइम लागस?" लागतो, आजी. हा जो उन्हाचा उजेड तुमच्या अंगावर पडतोय तो सूर्यावरून निघून आठ मिनिटं झालीत. 1676 मध्ये रोमर नावाच्या माणसाने गुरूच्या चंद्राची ग्रहणं कधी लवकर, कधी उशिरा होतात हे बघून प्रकाशाला वेळ लागतो असं दाखवलं, त्याआधी भले भले लोकही म्हणायचे की उजेड लागलीच पोचतो.

मुलगी म्हणाली, "पण काका, प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. तो कधीच बदलत नाही असं सर म्हणतात." मी तिला वहीत गुणाकार करायला लावला. तीन लाखांनी धरलं तर 323 मायक्रोसेकंदांत जाऊन-येऊन, म्हणजे एका बाजूचं अंतर 48 किलोमीटरच्या वर येतं. अमळनेर मागे टाकून पुढेच खणत बसलो असतो. न बदलणारा वेग हा निर्वातातला, नेमका 2,99,792.458 किलोमीटर. काचेत आमचा ठोका सेकंदाला सुमारे 2,04,000 किलोमीटरनेच जातो. त्या समोरच्या मोबाइल टॉवरवरून हवेत जाणारा सिग्नलही प्रकाशाचाच भाऊबंद, लांब तरंगांचा. तो फायबरमधल्या प्रकाशापेक्षा जवळजवळ दीडपट वेगाने जातो. हे ऐकून आमचा नवा मुलगाही थबकला. फायबर म्हणजे सगळ्यात वेगवान अशी त्याची समजूत होती. फायबरची ताकद तो एका वेळी किती माहिती वाहतो यात आहे.

मग मुलगाच म्हणाला, "दादा, हळू होतो कारण भिंतींवर आपटत नागमोडी जातो ना?" हे चित्र प्रत्येक पुस्तकात आहे, आणि जाड कोअरच्या (इथे कोअर म्हणजे धाग्याचा प्रकाश वाहणारा मधला गाभा) फायबरला ते चालतंही. पण आमच्या फायबरचा कोअर नऊ मायक्रॉनचा आणि तरंगच दीड मायक्रॉनचा. तिथे किरणाला आपटत फिरायला जागा कुठे? तरंग अख्खा कोअर व्यापून सरळ पुढे सरकतो, त्याचा थोडा भाग तर कोअरच्या बाहेरच्या काचेतूनही चालतो. सरळ जाऊनही तो 1.468 पट मंद असतो.

दुसरं चित्र त्याने कॉलेजात ऐकलेलं: अणू प्रकाश गिळतात, जरा थांबतात, मग सोडतात. तसं असतं तर प्रत्येक अणूने तो हव्या त्या दिशेला, हव्या त्या वेळी सोडला असता आणि 33 किलोमीटरवर ठोक्याचा पत्ता लागला नसता. खरं असं घडतं: तरंग येतो तसे काचेतले इलेक्ट्रॉन त्याच तालावर हलतात, हलताना स्वतःचे तरंग सोडतात, आणि मूळ तरंग व हे नवे तरंग मिळून जो एक तरंग बनतो त्याची शिखरं मागे मागे पडत जातात. ताल बदलत नाही, सेकंदाला सुमारे 193 लाख कोटी वेळा, तोच आत आणि तोच बाहेर. लांबी मात्र आखडते. बाहेर 1550 नॅनोमीटरचा तरंग काचेत 1070 च्या आसपास होतो. शिवाय शिखरांसाठीचा आकडा 1.45 च्या जवळ आणि अख्ख्या ठोक्यासाठीचा 1.468, म्हणजे ठोक्यातली शिखरं ठोक्यापेक्षा किंचित पुढे पळत असतात. मशीनला ठोक्याचा आकडा लागतो. मला हे समजायला कामातली बरीच वर्षं गेली.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, काचेतून बाहेर आला की तो परत तीन लाखांनी जातो ना? मग त्याला परत ढकलतं कोण?"

इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. गाडीत केबल ओढायचा जाड दोर होता, आप्पांकडून बैलाचा कासरा आणला आणि दोन्ही एकमेकांना बांधले. कासऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं, दोराचं टोक मुलाने ताणून धरलं. म्हटलं, एक झटका दे. झटका कासऱ्यातून सर्रकन गेला, गाठीपाशी पोचला आणि जाड दोरात शिरल्यावर मंद झाला. मग मुलाला तिकडून झटका द्यायला लावला. तो दोरातून सावकाश आला आणि गाठ ओलांडताच कासऱ्यात पळाला. त्याला कोणी ढकललं नाही. तरंगाचा वेग तो ज्यातून जातो त्याच्यावर ठरतो. दगड मंदावला तर त्याला परत ढकलावं लागतं, तरंगाला लागत नाही. आणखी एक गोष्ट तिने स्वतःच पकडली: प्रत्येक वेळी गाठीवरून एक छोटा झटका हाताकडे परत येत होता. "हेच तुमचं मशीन बघतं का?" हो, कनेक्टरवरून येतं ते हेच. बाकीची रेघ येते ती काचेतल्या अतिसूक्ष्म विषमतेवरून मागे विखुरलेल्या प्रकाशाची, आकाश निळं दिसतं तीच क्रिया.

इतकंच तिला बजावलं की दोर वरखाली हलतो तसं प्रकाशात काहीही वरखाली हलत नाही. काच जागची हलत नाही, प्रकाशही सापासारखा वळवळत जात नाही. कमीजास्त होतं ते विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र.

न्यूटनची गोष्टही सांगितली. तो प्रकाशाला कणांचा झोत मानायचा, आणि त्याच्या हिशेबाने पाणी-काचेत प्रकाश जास्त वेगाने जायला हवा होता. 1850 मध्ये पॅरिसला फूकोने फिरत्या आरशाने बघितलं, पाण्यात प्रकाश हवेपेक्षा मंद निघाला आणि तरंगांचं पारडं जड झालं. पुढे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आले, पण ते न्यूटनच्या गोळ्यांसारखे नाहीत. न्यूटनच्या हिशेबाने, म्हणजे काचेत वेग 1.468 पट वाढतो असं धरून, आमचा फॉल्ट 71 किलोमीटरवर निघाला असता, तापी ओलांडून सातपुड्याकडे. मुलीने तीन आकडे एकाखाली एक लिहिले: 71, 48, 33. आणि त्या खड्ड्यातल्या तुटलेल्या केबलकडे बघत राहिली.

ती वाकून फायबरच्या टोकात डोळा लावायला गेली तेव्हा मी हात धरला. लोकांना वाटतं फायबरमध्ये लाल उजेड असतो, कारण आम्ही तपासायला लाल लेझरचं पेन लावतो. कामाचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. दिसला नाही म्हणून बंद आहे असं समजायचं नाही, आणि टोकात कधीच बघायचं नाही.

केबल आली. सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, क्लीव्ह करायचं म्हणजे टोक सरळ कापायचं, जोडायच्या मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर, ठिणगी. जोडातली घट डेसिबलमध्ये: 0.02, 0.01, 0.02. अंधार पडेपर्यंत दोन्ही जॉइंट झाले. साडेआठला चोपड्याहून फोन आला, "लाइट आला." धुळ्याच्या रूममधून शॉट मारायला सांगितला. 33.01 ला बारीक पायरी आणि रेघ पुढे शेवटपर्यंत सरळ.

गँग गाडीत बसत होती. मी फावडी परत खाली काढायला सांगितली. बॅटरीच्या उजेडात दादरच्या शेतातले दोन्ही खड्डे भरले, माती दाबली. आडव्या झालेल्या ताटांतली उभी राहतील तेवढी उभी करून बुडाला माती लावली. एकोणीस राहिली. बाकीच्या ताटांचे पैसे आप्पांनी घेतले नाहीत, म्हणून आजीच्या हातात दिले.