गुण न आल्यास दाम परत

दिवाळीच्या आधी आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात माळा काढायचं काम निघतं आणि दरवर्षी ते माझ्याच गळ्यात पडतं, कारण घरात शिडीवर चढणारा आता मी एकटाच उरलोय. यंदा आज्जाची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. आत विशेष काही नव्हतं, एक जीर्ण उपरणं, पितळेचा अडकित्ता, कुठल्या तरी लग्नाच्या अक्षतांची पुडी. पण तळाला पेपर अंथरलेला होता, पिवळा पडून पापडासारखा झालेला, आणि मी तो काढून टाकायला म्हणून हात घातला आणि तासभर तिथंच फतकल मारून बसलो.

पेपर कुठला ते कळत नाही, वरची पट्टीच गेलीय. तारीखही गेलीय. पण किंमती सगळ्या आण्यात आहेत, म्हणजे १९५७ च्या आधीचा नक्की, आणि मराठीचं वळण बघता त्याहूनही बराच जुना असणार. बातमी जेमतेम अर्धी, तीही कसरीनं खाल्लेली. बाकी सगळं पान जाहिरातींचं. तेही धड नाही, शब्दाशब्दाला भोक. '…क्तपणा, …दुखी, जुनाट …कला यांवर …बाण'. शब्दकोडं सोडवावं तसं मी एकेक सोडवत बसलो. अशक्तपणा, हाडदुखी की दाढदुखी कोण जाणे, खोकला, रामबाण. खाली पत्ता '…देवी रोड, मुंबई', म्हणजे काळबादेवी, औषधवाल्यांचं माहेरच ते.

"काय वाचूलालास रे तासभर तिथं?" आईनं खालून हाक दिली. मी म्हटलं, आज्जाचं बोलणं वाचतोय.

हे मी गमतीत म्हटलं नव्हतं. आमचा आज्जा जाहिरातीच्या मराठीत बोलायचा. लहानपणी आम्हाला वाटायचं ही त्याची स्वतःची भाषा आहे. पाहुण्यापुढं कुंद्याची बशी सरकवताना 'एकवार अनुभव घ्यावा, खात्री पटेल' म्हणायचा. आज्जीनं पिठलं केलं की 'पचनास हलके, लहानथोरांस सारखेच उपयुक्त'. माझ्या आत्तीला बघायला आलेल्या स्थळाबद्दल, ते लोक जिना उतरायच्या आत, 'माल नमुन्याबरहुकूम वाटत नाही' असं म्हणून त्यानं घरात भांडण लावून दिलं होतं. मी परीक्षेला निघालो की पाठीवर थाप मारून 'गुण न आल्यास दाम परत!' इथं गुण म्हणजे मार्क, हे मला कळायचं, पण दाम कुणाचे आणि परत कोण करणार ते काही कधी कळलं नाही. आता कळलं की हे सगळं छापील होतं. आज्जा पेपर शेवटाकडून वाचायचा, म्हणजे आधी औषधं, मग बाजारभाव, मग गांधी-नेहरू. वाचायचा तेही मोठ्यानं, कारण सोप्यात बसलेल्या दोघाचौघांना वाचता येत नसायचं, आणि लोकांना खरी करमणूक तिथंच असायची.

तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात. आपण म्हैसूर राज्यात गेलो ते १ नोव्हेंबर १९५६ ला, त्याआधी पुण्या-मुंबईचा पेपर मिरजेवरून रेल्वेनं यायचा आणि त्या पेपरातून पुण्या-मुंबईची दुखणीपण यायची. हे मी जरा विचार करून लिहितोय. आज्जीला चक्कर यायची तर ती 'मेंदूस थकवा आलाय' म्हणायची. मेंदूस! एरवी ती 'मेंदू' हा शब्द फक्त शिवी देताना वापरायची. गावातल्या वैद्यानं नाडी बघून वात-पित्त सांगितलं असतं, थकवा आणि मेंदू ही जोडी कुठल्यातरी टॉनिकवाल्यानं जमवून दिलेली. बाटली संपली, कंपनी बुडाली असेल, पण दुखण्याचं नाव आमच्या घरात राहिलं. तिकडं विलायतेत हॉर्लिक्सवाल्यांनी १९३० च्या सुमारास 'रात्रीची उपासमार' नावाचं दुखणंच काढलं होतं, झोपेत माणूस उपाशी पडतो म्हणून झोपायच्या आधी एक कप घ्यायचा. भूक लागल्याशिवाय जेवण विकायचं तर आधी भूक विकावी लागते, त्यातला प्रकार.

विलायती औषधांचा तोरा तर विचारूच नका. बीचमच्या गोळ्यांची डबी 'गिनीच्या मोलाची', म्हणजे एकवीस शिलिंगांची, म्हणून जाहिरात व्हायची आणि मिळायची एक शिलिंग दीड पेनीला. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून पुस्तकच छापलं, त्यात या गोळ्यांत निघालं काय तर कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण, आणि छप्पन्न गोळ्यांच्या अख्ख्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा आठवा भाग. कोरफड आणि सुंठ आमच्या आज्जीच्या फडताळात फुकट होती, साबण न्हाणीत होता, फक्त गिनी नव्हती. डॉक्टर विल्यम्सच्या गुलाबी गोळ्या, फिकट पडलेल्या लोकांसाठी म्हणून, त्यात मुख्य ऐवज लोहाचा क्षार आणि वरून साखर. आता लोह म्हटल्यावर फिकट बाईला थोडा गुण यायचाच, अगदीच लबाडी नव्हे ती. आणि क्लोरोडाइन! हिंदुस्थानात पलटणीत असलेल्या कॉलिस ब्राउन नावाच्या डॉक्टरचं, पटकीपासून खोकल्यापर्यंत सगळ्यावर. आत अफू, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. एवढं पोटात गेल्यावर पटकी बरी होवो न होवो, पेशंटची तक्रार बंद होणार हे नक्की.

त्याच क्लोरोडाइनची एक गंमत म्हणजे दुसऱ्या एकानं, फ्रीमन त्याचं नाव, आपणच मूळ शोधक असा दावा केला, १८६४ मध्ये प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं आणि न्यायाधीश ब्राउनच्या बाजूनं बोलले. झालं, पुढं कित्येक वर्षं जाहिरातीत औषधाच्या गुणांच्या वर त्या न्यायाधीशाचं म्हणणं छापून यायचं. खोकल्याच्या बाटलीवर कोर्टाचा दाखला! आमच्या या फाटक्या पानावरसुद्धा तीन जाहिरातींत 'नकली मालापासून सावध' आहे आणि तिन्ही एकाच गल्लीतल्या असाव्यात अशी मला दाट शंका आहे. आज्जा हे वाक्य मुख्यतः माझ्या काकांना उद्देशून वापरायचा.

पण सगळेच काही साबण विकत नव्हते. अमृतांजन १८९३ चं, मुंबईतलं, काढणारे नागेश्वर राव आंध्रचे. गाण्याच्या मैफिलीत जाऊन ते बाम फुकट वाटायचे म्हणतात, आणि जागा बरोबर हेरलेली, रात्रभर गाणं ऐकल्यावर डोकं धरणारच. नंतर १९०८ मध्ये त्यांनी मुंबईतच 'आंध्र पत्रिका' सुरू केली, म्हणजे बामवाला स्वतःच पेपरवाला झाला, जाहिरातीच्या जागेची कटकट मिटली.

मला खरी कमाल वाटते ती पोस्टाची. १८७९ मध्ये पाव आण्याचं कार्ड निघालं, आणि व्ही. पी. ची सोय झाल्यावर तर घरबसल्या मुंबईचा वैद्य दारात, आधी पुडकं बघायचं मग पैसे मोजायचे. 'टपाल हंशील निराळे' एवढं सोसायचं. गावातल्या वैद्याकडं जाऊन जे तोंडातून निघत नाही, कारण तो वडलांच्या ओळखीचा असतो आणि बाहेर बाकड्यावर चुलतसासरा बसलेला असतो, ते एका कार्डावर लिहून टाकायचं. कार्ड उघडं असतं आणि पोस्टमनला वाचता येतं हे लिहिणाऱ्याच्या लक्षात यायचं नाही. आज्जा सांगायचा, त्यांच्या वेळच्या पोस्टमनला गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाचं दुखणं माहीत होतं, म्हणून त्याला सणावाराला सगळ्यात जास्त पोस्त मिळायचं. धातुपौष्टिक गोळ्यांचं पुडकं आलं की तो दारात नाव मोठ्यानं घ्यायचा आणि 'कुठनं आलंय' ते हळू सांगायचा. सभ्य माणूस.

आणि याच बेळगावात एक माणूस असा होता ज्याच्याकडं विकायला दुखणं नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८८८ मध्ये इथं सायकलींचं दुकान काढलं, सायकल विकायची आणि वर गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवायचं. पुढं कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणाला, लोखंडानं जमीन नासते. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! तेवढ्यात काळबादेवीच्या वैद्यानं किती बाटल्या खपवल्या असतील. अशक्तपणा माणसाला रात्री अंथरुणात आपोआप आठवतो, लोखंडी नांगर आठवत नाही, तो शेतात नेऊन दाखवावाच लागतो. १९१० मध्ये कारखाना बेळगाव सोडून औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर गेला, आणि १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, मूळ हेतू मालाची खबर द्यायचा, पण लोक ते मासिक म्हणून वाचायला लागले.

१९५४ चा कायदा आला आणि भलत्यासलत्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी आली, चोपन्न रोगांची यादीच आहे त्यात. खानापूर रोडनं जाताना भिंतींवर मूळव्याध-भगंदर वाचत जातो तेव्हा मला ती यादी आठवते. कन्नडमध्येही असतं आता तेच, लिपी वेगळी, मूळव्याध तीच.

तर ते पान. मी ते हळूच उलटं केलं आणि मागच्या बाजूला एका चौकटीशेजारी पेन्सिलीची खूण दिसली, बारीक, बरोबरची. जाहिरात तेलाची. 'टक्कल जाऊन …शी लांब व दाट केस'. व्ही. पी. नं मागवा. खाली पेन्सिलीनंच बेरीज, बाटलीचे आणे अधिक हंशील.

आमच्या घरात आज्जाचे चार फोटो आहेत. चारही टोपीतले. झोपतानासुद्धा तो टोपी घालायचा, आम्ही नातवंडांनी त्याला टोपीशिवाय कधी बघितलेलं नाही.

आई तोवर चहा घेऊन आलीच होती. मी पान तिच्यापुढं धरलं. तिनं चष्मा लावून खूण बघितली, बेरीज बघितली, मग भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं.

"गुण काय आला नाही बघ," म्हणाली.