दीड इंचाची माया

परवा कपाट आवरताना 2011 मध्ये शिवलेला मोरपंखी ब्लाऊज हाती आला. उलटा केला अन् हसूच आलं. बगलेखाली टाक्यांच्या चार रेघा. एक पहिल्या शिलाईची, तेव्हा मी 68 किलो होते. तिच्या आत अर्धा इंचावर दुसरी, 2013 ची. पावडरचे शेक पिऊन तीन महिन्यांत 59 वर आले होते. तिसरी पार कडेला, 2016 ची, वजन 72. चौथी पुन्हा आत, 2019 ची. त्यानंतर लॉकडाऊन आलं, मी 78 वर गेले अन् उसवायला माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड, उरलीच नाही. ब्लाऊज गेला कपाटात.

वीस वर्षं झाली लोकांचे ब्लाऊज शिवते. गिऱ्हाईक म्हणते, "काकू, थोडी माया ठेवजा, अंगानं भरली तर." मी ठेवते. पण स्वतःच्या कपड्यातली माया अशी भराभर खर्च होईल असं वाटलं नव्हतं.

2019 मध्ये आमच्या बचत गटात दीक्षित डाएटचं वारं होतं. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपायचं. घड्याळ समोर ठेवून जेवायचो आम्ही. माझे आठ किलो उतरले, खोटं कशाला बोलू. मोडलं ते माझ्यामुळेच. हुरडा निघाला, मग रोडग्याचे जेवण सुरू झाले, आणि आमच्याकडं कुणाच्या दारी गेलं की घोटभर चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडण काढणं.

यंदा मात्र गोष्ट वजनाची नाही. एप्रिलमध्ये नात्यातल्या लग्नात पंगतीला खाली बसले. वरण-भात, वांग्याची भाजी, सगळं झालं. बाकीच्या उठल्या, मला उठताच येईना. एक हात जमिनीवर टेकला, गुडघा सरळ होईना. शेवटी दोघींनी दोन्ही हातांना धरून ओढलं. "बाप्पा, कापसाचं गाठोडं हाय का व?" एक म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र कुणाशी बोलले नाही. माझ्या सासूबाई बहात्तरच्या आहेत, अजून चुलीपाशी उकिडव्या बसतात अन् हात न टेकता उठतात.

मुलगी यवतमाळला नर्सिंग शिकते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, तू दरवेळी उपाशी राहून चरबीबरोबर स्नायू पण घालवते. परत येते ती जास्त करून चरबीच." पहिल्या आठवड्यात भराभर वजन उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं, हेही तिनंच सांगितलं. अंगात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी असतं, ती संपली की तेही जातं. म्हणजे 2013 मध्ये पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले म्हणून मी गावभर पेढे वाटले, ते पाण्याचे.

मग तिनं जेवणाचा हिशोब मांडला. दिवसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे माझ्या 76 किलोला साधारण 63 ग्रॅम. मी काय खात होते? दोन भाकरी, वांग्याचा रस्सा, वाटीभर पातळ वरण. घरात तुरीचं पोतं भरलेलं, अन् माझ्या ताटात वरणाचं पाणी! शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. आता वरण घट्ट करते, ताक वाढवलं आणि दोन अंडी. अंड्यावर सासूबाईंचं तोंड वाकडं होतं, ते होऊ दे.

व्यायाम म्हणजे बाजेच्या काठावर बसायचं अन् हात न लावता उठायचं. पहिल्या दिवशी सहा वेळा जमलं, सातव्याला मशीनचा पाय धरला. महिन्याभरानं बाज सोडून ठेंगण्या स्टुलावर आले, आता पाटावर. तेलाच्या रिकाम्या पाच लिटरच्या दोन कॅन पाण्यानं भरून उचलते. पहाटे पाचला पांदणीनं अर्धा तास चालते, आठवड्यातून पाच दिवस. उन्हाळ्यात त्यानंतर बाहेर पाय टाकायची सोय नव्हती. पहिले दोन आठवडे रोज कुणी ना कुणी विचारायचं, "कोठी चालली व इतक्या पहाटं? सगळं ठीक हाय ना?" आता कुणी विचारत नाही. पावसाळा लागल्यापासून वेगळीच गंमत. काळी माती चपलेला अशी चिकटते की परत येताना दोन्ही पायांत किलो-किलो वजन बांधल्यासारखं होतं. तोही व्यायामच धरते.

दिराचा कापूस मोजायचा काटा ओसरीतच आहे. त्यावर आता पंधरा दिवसांतून एकदाच उभी राहते. कालचा आकडा 74.6. कमरेला टेप लावते ती महिन्यातून एकदा. आपल्याकडच्या बायकांना कमर 80 सेंटिमीटरच्या आत पाहिजे म्हणतात, म्हणजे साडेएकतीस इंच. माझी 37 ची 36 झाली. साडेएकतीसला वेळ आहे, आणि ते माझं पहिलं काम नाही. पहिलं काम म्हणजे नवरात्रात माहूरला रेणुकेच्या पायऱ्या मध्ये न बसता चढायच्या. गेल्या वर्षी चार ठिकाणी बसले होते, अन् चौथ्या ठिकाणी एका पोरानं मला आजी म्हणून पाणी दिलं होतं.

माहूरला घालायला नवा ब्लाऊज कापलाय. आजच्या मापानंच शिवते आहे, पुढं बारीक होईन म्हणून आतून नाही. माया मात्र दोन्हीकडं दीड-दीड इंच ठेवली.