रायफलीच्या नळीला ब्रेक बसवताना : उलट्या आट्यांनी खाल्ली माझी अख्खी रात्र

मी टेक्सासला राहतो, ग्रीन कार्ड झाल्यावर शूटिंगचा नाद लागला, आणि मागच्या वर्षी एक सेकंडहँड रोमानियन रायफल घेतली, कुगीरच्या कारखान्यातली, एके-47 सारखी, सेमी-ऑटो (एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी). पुढे नळीच्या तोंडाला नुसता नट होता. त्याजागी तिरपा कापलेला ब्रेक, म्हणजे गोळीमागचा गॅस वळवून नळीची उसळी कमी करणारा तुकडा, लावायचा होता, तोच जो एकेएम (एके-47 ची सुधारित आवृत्ती) रायफलवर दिसतो.

पहिलं काम कायद्याचं. इम्पोर्ट केलेल्या अशा रायफलीसाठी इथे 20 पार्टची यादी आहे, त्यातले 10 पेक्षा जास्त परदेशी चालत नाहीत, आणि नळीच्या तोंडाचा पार्ट त्या यादीत येतो. म्हणून रोमानियन ओरिजिनल स्वस्त मिळत असूनही मी अमेरिकन बनावटीचाच घेतला. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, कॅलिफोर्निया-न्यूयॉर्कवाल्यांनी तर आधी विचारूनच घ्या.

मग रायफल रिकामी केली, मॅगझीन काढलं, चेंबरमध्ये बोट घालून बघितलं, बोल्टही काढून ठेवला. नट काही हलेना. पाना लावून जोर केला, पेनिट्रेटिंग ऑइल टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी परत तेच. आणि मग एकदम आठवलं, बाबांचं सांगलीला सायकलचं दुकान होतं, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे मला सातवीत असताना त्यांनी शिकवलं होतं. इथेही तसंच, 14 मिमी, 1 चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर 1 मिमी), डावे आटे! म्हणजे इतका वेळ मी तो कसतच होतो. पुढच्या साइटच्या (नेम धरायच्या माशीच्या) ब्लॉकमधून एक छोटी पिन बाहेर आलेली असते ती पंचने आत दाबून धरली, नट घड्याळाच्या दिशेने फिरवला, आणि ऑइल मुरलेलं असल्यामुळे बोटांनीच सुटला.

ब्रेक चढवताना मात्र थांबा. शेवटपर्यंत आवळायचा नाही. त्याच्या मागच्या कडेला खाचा असतात, तिरपा काप वर आणि थोडा उजवीकडे येईल अशा बेताने फिरवायचा आणि पिन खाचेत टक् करून बसली की झालं. हाताने धरलं तर किंचित हलतो, मला वाटलं आटे गेले, पण पिनच त्याला धरून ठेवते, ती ढिलाई तशीच असते. नंतर नळीच्या मापाचा सरळ अलाइनमेंट रॉड पुढून आत घालून बघितला, भोकाच्या बरोब्बर मधोमध. हे चुकवू नका, गोळी ब्रेकला घासली तर काय होईल ते सांगायला नको.

गॅस वर-उजवीकडे जातो, त्यामुळे तोंड खाली-डावीकडे दाबलं जातं, उजव्या हाताने मारणाऱ्याची रायफल नेमकी उलट उसळते म्हणून हा काप तसा. रेंजवर मी मुद्दाम सगळ्यात उजवी लेन मागून घेतली, शेजारच्याच्या तोंडावर धक्का नको. पहिल्या दहा गोळ्या झाल्यावर पिन पुन्हा दाबून बघितली, जागेवर होती. दुसरी गोळी मारायला साइट परत टार्गेटवर यायला आधीपेक्षा नक्कीच कमी वेळ लागत होता.