घट्ट गोठलेलं चिकन आणि तळाला गेलेलं नाणं

फोंड्याचं आमचं केटरिंगचं स्वयंपाकघर सोमवारी बंद असतं. शंकराचा वार, त्या दिवशी मांसाहारी ऑर्डर जवळपास नसतेच. मे महिन्यातल्या एका रविवारी रात्री वळिवाचा पाऊस झाला, तारांवर झाड पडलं आणि लाईट गेली. मंगळवारी संध्याकाळी रिसेप्शन होतं, म्हणून सकाळी लवकर येऊन मी डीप फ्रीझर उघडला. चिकन दगडासारखं घट्ट. वास नाही, रंगही ठीक.

पण फ्रीझरमध्ये मी एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर नाणं ठेवते. ते नाणं तळाला जाऊन रुतलं होतं. म्हणजे बर्फाचं पाणी झालं होतं आणि लाईट आल्यावर ते पुन्हा गोठलं होतं. पिशव्यांच्या कोपऱ्यांतही रक्तपाणी साचून गोठलेलं. राखणदार म्हणाला, लाईट काल संध्याकाळी आली. फ्रीझर गच्च भरलेला असेल आणि कुणी उघडला नाही, तर साधारण 48 तास थंडावा धरतो; अर्धा भरलेला 24 तास. आमचा अर्धाही भरलेला नव्हता.

शेट म्हणाले, "अगो, वास कुठे येतोय? शागुतीच्या रश्शात उकळलं की सगळं मरतं."

वासावरचा हा भरवसाच मला सगळ्यात घातक वाटतो. मांस आंबूस, बुळबुळीत, हिरवट करणारे जिवाणू वेगळे. आजारी पाडणारा साल्मोनेला वाढला तरी नाकाला काही कळत नाही. 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या काहींनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. "शेट, हे किती तास पाघळलेलं होतं, तुम्ही सांगू शकाल?" मी विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. नुकसान मोठं होतं, मलाही वाईट वाटत होतं. मग त्यांनी स्वतःच ताज्या चिकनसाठी फोन लावला.

त्याच धांदलीत बर्फाच्या पेटीतून मटण आलं. एकावर एक दाबलेले तुकडे मधे काळपट जांभळट दिसत होते. मदतीचा मुलगा म्हणाला, "ताई, हे परत पाठवूया." मी हात लावून पाहिला: थंडगार, घट्ट, चिकटपणा नाही, वास ताज्या मटणाचा. हवा न लागलेलं मांस असंच दिसतं. एक तुकडा ताटलीत उघडा ठेवून फ्रीजमध्ये ठेवला, थोड्या वेळाने त्यावर लाली आली. ते आम्ही वापरलं.

ताजं चिकन आलं तसं मसाला लावून पसरट भांड्यांत, झाकून, फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलं, म्हणजे त्याचं पाणी कशावर ठिबकायला नको.

उरला प्रश्न टाकायच्या चिकनचा. भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "फुकट जाण्यापेक्षा मी घरी नेते." त्यांच्या घरात लहान नातवंडं आहेत. मी नाही म्हटलं, शेटांना सांगून आलेल्या ताज्या चिकनमधलं किलोभर त्यांना बांधून दिलं, आणि जुन्यावर फिनेल ओतून ते मागच्या खड्ड्यात पुरून घेतलं.